हुनर आणि हिशेब

मालेगाव हे शहर सरकारी नकाशात नाशिक जिल्ह्यात मोडते, पण बोली, बाजार आणि सोयरीक या तिन्ही बाबतींत ते आम्हा खान्देशी लोकांना परके नाही. धुळ्याहून एसटीत बसले की तासाभरात मालेगाव लागते. जळगाव-धुळ्याच्या मोहल्ल्यांत मालेगावला मुलगी दिलेली किंवा तिथली सून आणलेली घरे पुष्कळ. त्यामुळे २८ फेब्रुवारी २०२५ रोजी रीमा कागती दिग्दर्शित 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला, तेव्हा आमच्याकडे त्याची चर्चा घरच्या कार्यासारखी झाली. ज्या शहराचे नाव २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांमुळे देशभर झाले, त्या शहराबद्दल कोणीतरी हसऱ्या चेहऱ्याने बोलत होते. एवढ्यानेही बरे वाटले, हे आम्ही कबूल करतो.

आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांनीही तो चित्रपट मोबाइलवर पाहिला. त्यावर वर्गात बोलणे निघाले तेव्हा नववीतला एक मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, "सर, इन लोगों को पैसा मिला क्या?" आम्ही म्हणालो, थोडा मिळाला. त्याचा पुढचा प्रश्न तयारच होता. "फिर बंद क्यों किया?" वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि धडा पुढे सुरू केला. पण घरी आल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून आम्ही हा चित्रपट पुन्हा पाहिला आणि त्यासोबत फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा २००८ सालचा माहितीपटही पाहिला. या दोन कृतींविषयी पुष्कळ गौरवाने लिहिले गेले आहे. त्या मुलाच्या प्रश्नाच्या बाजूने त्या पाहाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मूळ हकीकत बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. नासिर शेख हा मालेगावातला तरुण व्हिडिओ पार्लर चालवत होता. पार्लरमध्ये रोज सिनेमे दाखवता दाखवता तो सिनेमाची रचना शिकला. त्याने दोन व्हीसीआर जोडून संकलन केले, लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा वापरला आणि गावातले मित्र जमवून 'मालेगाव के शोले' हा विडंबनपट काढला. तो २००० साली आला. त्याचा खर्च सुमारे पन्नास हजार रुपये सांगितला जातो. त्यातले डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून येतात. शुक्रवारी यंत्रमाग बंद असतात, त्या दिवशी सिनेमा पाहणारा कामगार हा या चित्रपटाचा खरा मायबाप प्रेक्षक. पडद्यावर त्याला आपली गल्ली, आपली बोली आणि आपलेच शेजारी दिसले. पुढे याच मंडळींनी मालेगावचा सुपरमॅन काढला. तो सुपरमॅन म्हणजे यंत्रमागावर काम करणारा शफीक शेख हा किडकिडीत तरुण. माहितीपट या सुपरमॅनच्या निर्मितीची कथा सांगतो. तो २०१२ साली चित्रपटगृहांत आला तेव्हा शफीक हयात नव्हता. कर्करोगाने त्याला नेले होते.

माहितीपटाची मोठी ताकद म्हणजे तो कोणाचीही कीव करत नाही. हिरव्या कापडापुढे शफीकला आडवा धरून उडवतात, त्याचे लग्नही शूटिंगच्या दिवसांतच उरकते, आणि एकुलता एक कॅमेरा पाण्यात पडतो तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरतात. हे सारे तो शांतपणे दाखवतो. आपण हसतो, पण त्या माणसांना हसत नाही. गरीब मुसलमान वस्तीत कॅमेरा घेऊन येणारे बहुधा दोनच गोष्टी शोधतात, दु:ख किंवा धोका. फैजा अहमद खान यांनी तिथे काम शोधले. काम करणारी माणसे दाखवली. मराठी-उर्दू साहित्यातही आमच्या वस्त्यांचे असे चित्रण फार कमी आहे.

२०२५ चा चित्रपट हा माहितीपटाच्या पुढे जाऊन साऱ्या मंडळींच्या आयुष्याची गोष्ट सांगतो. वरुण ग्रोवर यांनी पटकथा लिहिली आहे. आदर्श गौरव यांनी नासिर, विनीत कुमार सिंह यांनी लेखक फरोग आणि शशांक अरोरा यांनी शफीक उभा केला आहे. तिघांचा अभिनय मनापासूनचा आहे. विशेषत: फरोगची व्यथा आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांना फार जवळची वाटते. त्याला विडंबन नको आहे, त्याला स्वत:चे काही लिहायचे आहे. तो मुंबईला जातो, दारे ठोठावतो आणि रिकाम्या हाताने परततो. दरम्यान यश आल्यावर पैसा आणि श्रेय यांवरून मित्रांमध्ये फूट पडते. पुढे शफीकच्या आजारपणामुळे ती पुन्हा एकत्र येतात आणि सुपरमॅन उडतो. प्रेक्षकाचे डोळे ओले होतात. आमचेही झाले.

आमची तक्रार इथून सुरू होते. मित्रांमधील भांडण हे मुळात हिशेबाचे भांडण आहे. कोणी किती दिवस काम केले, कोणाचे नाव पाटीवर आले, पैसा कोणाच्या गल्ल्यात गेला आणि पुढच्या चित्रपटात कोणाचा वाटा किती, असे हे प्रश्न आहेत. चित्रपट मात्र त्याला स्वभावाचे भांडण करतो. एकाला गर्व चढला, दुसरा दुखावला, मग मृत्यूच्या छायेत सगळ्यांना मैत्रीची किंमत कळली, अशी ती मांडणी आहे. मैत्रीने मने जुळतात, हे खरे. पण मित्रांच्या फुकट श्रमावर उभा राहिलेला धंदा दुसऱ्या-तिसऱ्या कामात मोडतोच, मग त्या मित्रांचे स्वभाव कितीही गोड असोत. हे चित्रपटाने दाखवले असते तर त्याच्या करुणेला धार आली असती. आमच्या विद्यार्थ्याचा 'बंद क्यों किया' हा प्रश्न चित्रपटाने मिठी मारून मिटवला आहे.

आणखी एक गोष्ट. मालेगावच्या या चित्रपटांत नायिकेचे काम करायला बाहेरगावाहून मुली आणाव्या लागत, कारण गावातली मुलगी पडद्यावर येणे शक्य नव्हते. दोन्ही कृतींत ही बाब येते, पण ओझरती. ज्या गावात निम्म्या लोकसंख्येला या कामाचे दारच बंद आहे, तिथल्या स्वप्नांची गोष्ट अर्धीच राहते. याकडे आम्ही पुढे परत येणार आहोत.

कोणी म्हणेल, कलावंताच्या गोष्टीत हिशेब कशाला हवा? कलावंत वेडा असतो, तो पैशाकडे पाहत नाही. हा समज आपल्याकडे खोल रुजला आहे. तो तपासायला मालेगावच्या दोन्ही बाजूंना, धुळ्याला आणि जळगाव जिल्ह्यात, दोन मोठी उदाहरणे आहेत.

धुळ्याजवळच्या गोंदूर गावी १९२५ साली राम सुतार जन्मले. घर सुतारकाम करणाराचे. त्यांच्या हातातले कसब ओळखले ते श्रीराम कृष्ण जोशी या शिक्षकाने. जोशी मास्तरांनी त्यांना मूर्तिकला शिकवली आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलची वाट दाखवली. १९५३ मध्ये तिथे त्यांना मेयो सुवर्णपदक मिळाले. आता पुढचे पाहा. सुवर्णपदक घेऊन ते लगेच स्वतंत्र शिल्पकार झाले नाहीत. १९५४ पासून सुमारे चार वर्षे त्यांनी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली आणि अजिंठा-वेरूळच्या भग्न शिल्पांची डागडुजी केली. मग दिल्लीला केंद्र सरकारच्या माहिती व नभोवाणी मंत्रालयात काही काळ काम केले. हात बसला, ओळखी झाल्या, मोठ्या कामांची रीत कळली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. २०१८ साली उभा राहिलेला सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा त्यांच्या आराखड्यातून घडला. वयाची शंभर वर्षे त्यांनी पूर्ण केली. सरकार हाच त्यांचा मोठा गिऱ्हाईक होता आणि ते त्यांनी कधी लपवले नाही.

दुसरे उदाहरण चाळीसगावचे. केकी मूस हे मुंबईत १९१२ साली जन्मलेले पारशी गृहस्थ. इंग्लंडमध्ये त्यांनी व्यावसायिक चित्रकलेचे शिक्षण घेतले, छायाचित्रणात नाव कमावले आणि १९३८ च्या सुमारास ते चाळीसगावला घरी परतले. त्यानंतर १९८९ च्या ३१ डिसेंबरला मृत्यू येईपर्यंत जवळजवळ पन्नास वर्षे ते घराबाहेर फारसे पडलेच नाहीत. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांचा निसर्गदृश्यासारखा आभास निर्माण करायचा आणि त्याचे छायाचित्र घ्यायचे, या टेबलटॉप कलेत त्यांनी जगभरची बक्षिसे मिळवली. लोक आजही त्यांची गोष्ट सांगतात ती प्रेयसीची आणि रोज रात्री येणाऱ्या पंजाब मेलची. ती गोष्ट सुंदर आहे, पण तिच्यामागे एक घर आहे, हे सांगायला कोणी थांबत नाही. स्टेशनजवळ स्वत:चे प्रशस्त घर होते आणि घरचा सोडावॉटर व मद्यविक्रीचा धंदा होता. ज्याला भाडे भरायचे आहे त्याला पन्नास वर्षे कोंडून घेता येत नाही. यामुळे मूस यांची कला कमी होत नाही. पण त्यांच्यासारखे व्हा, असे भाड्याच्या खोलीतल्या मुलाला सांगणे ही थट्टा होईल. सुदैवाने तेच घर पुढे कलादालन झाले, म्हणून त्यांचे काम आज आपल्याला पाहता येते.

सुतारांना शिक्षक आणि नोकरी, मूस यांना घर, नासिरला व्हिडिओ पार्लर. तिघांचे मार्ग वेगळे, पण प्रत्येकाच्या पाठीशी कोणीतरी खर्च उचलणारे होते. स्वतंत्र कलावंत असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचा खर्च कोण करतो हे विचारले पाहिजे. त्याच्या कामावर नाव कोणाचे राहते आणि त्याच्यानंतर त्या कामाचे काय होते, हेही विचारले पाहिजे.

आता आमच्या मोहल्ल्याकडे वळू. आपल्या समाजात कलावंत नव्हते असे म्हणणे खोटे आहे. आपण त्यांना कलावंत म्हटले नाही, एवढेच. उर्दू पुस्तके, इश्तिहार आणि लग्नाचे रुक्के हाताने लिहिणारे कातिब होते. दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर होते. एकाच ब्रशने मराठी, उर्दू आणि इंग्रजी अशा तीन लिप्या लिहिणारी माणसे आम्ही लहानपणी धुळ्यात शिडीवर चढलेली पाहिली आहेत. तीन लिप्यांची वळणे हातात असणे ही केवढी विद्या आहे! मग संगणकावर नस्तालीक लिहिणारे 'इनपेज' आले आणि कातिबाची कलम थांबली. पाठोपाठ फ्लेक्स आला आणि पेंटरची शिडी भिंतीला लागली. त्यांनी रंगवलेल्या पाट्यांवर त्यांची सही क्वचितच होती. त्यामुळे ते गेले तेव्हा त्यांचे काम कोणाचे, हेही कोणाला सांगता आले नाही.

या हातांना पुढचा रस्ता नव्हताच असे नाही. पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत पोटासाठी सिनेमाची होर्डिंगे रंगवत होते, मुलांच्या खेळण्यांचे आणि फर्निचरचे नमुने काढत होते. तिथूनच ते मोठे चित्रकार झाले. उर्दूच्या राष्ट्रीय परिषदेने, म्हणजे १९९६ साली स्थापन झालेल्या एनसीपीयूएलने, खुशखती आणि ग्राफिक डिझाइन यांचा जोड अभ्यासक्रम सुरू केला, तो याच विचाराने. कातिबाच्या मुलाला संगणकावर बसवले तर त्याच्या डोळ्यातले वळण वाया जात नाही. हे ज्यांना वेळेवर कळले त्यांनी डीटीपीची दुकाने टाकली आणि ती चालवली. ज्यांना कळले नाही ते रिक्षावर गेले. रिक्षा चालवण्यात कमीपणा नाही, पण वीस वर्षांची विद्या वाया गेली याचे दु:ख कोणीतरी करायला हवे होते.

मुलींची गोष्ट वेगळी आहे. मालेगावच्या पडद्यावर त्यांना जागा नव्हती, पण घराच्या आत त्यांनी आपली जागा केली आहे. जळगावात लग्नसराईत मेहंदी काढणाऱ्या मुलींना दिवसाला तीन-तीन घरची बोलावणी असतात. आमच्या काही माजी विद्यार्थिनी मेहंदी काढतात, काही जरीकाम आणि आरीकाम करतात, एक-दोघी लग्नपत्रिकांचे नमुने मोबाइलवरच तयार करतात. यातल्या एकीला आम्ही विचारले, "एका हाताचे किती घेतेस?" ती म्हणाली, "खाला-फुफी लोगों से क्या पैसा लेना, सर? जो देते, वो ले लेती." नातेवाईक सोडले तर तिचे गिऱ्हाईक उरतेच किती! तिच्या हातात नक्षीची जी समज आहे ती आमच्या पाठ्यपुस्तकातल्या भूमितीच्या पानात नाही. पण तिच्याकडे दरपत्रक नाही, वही नाही, स्वत:च्या नावाचे खाते नाही. घरात सगळे तिला 'हुनरमंद' म्हणतात. हुनरमंद हा शब्द फार गोड आहे, आणि पुष्कळदा तो पैसे न देण्यासाठी वापरला जातो.

मधल्या काळात एक नवा रस्ता उघडला आहे आणि त्यावर पाटी आमच्याच मुलखाची आहे. 'जामकुडी फिल्म्स'चे विनोदी व्हिडिओ 'खानदेश हिंदी कॉमेडी' या नावाने यूट्यूबवर येतात. त्यांतला 'छोटू दादा' म्हणजे मालेगावचे ठेंगू अभिनेते शफीक नाट्या. त्यांचा गोलगप्प्यांचा व्हिडिओ शंभर कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला आहे. मुंबईला जाऊन दारे ठोठावण्याची गरज राहिली नाही, हे या व्हिडिओने सिद्ध केले. फरोगच्या काळात हा रस्ता असता तर त्याची गोष्ट निराळी झाली असती. मात्र समीक्षक म्हणून दोन शब्द बोलणे भाग आहे. या विनोदातला मोठा भाग उंचीवर, मारामारीवर आणि आरडाओरडीवर चालतो. शफीक नाट्या यांच्याकडे वेळेचे अचूक भान आहे, चेहरा बोलका आहे. त्यांच्या अभिनयाला याहून चांगल्या गोष्टी मिळायला हव्या होत्या. शिवाय ज्या कंपनीच्या पडद्यावर हे सारे चालते तिचे नियम परदेशात ठरतात आणि आपल्याला न विचारता बदलतात. शुक्रवारचा प्रेक्षक मालेगावातच राहत होता, त्याला नासिर ओळखत होता. हा नवा प्रेक्षक शंभर कोटींचा असला तरी त्याचा पत्ता कलावंताकडे नाही.

मग आमचे काय? आम्ही शिक्षक आहोत आणि या प्रकरणात आमचाही दोष आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक मुलगा होता. वहीच्या मागच्या पानावर तो घोडे काढायचा, धावणारे, आणि एकाही घोड्याचा पाय चुकायचा नाही. त्याचे वालिद विचारायला आले तेव्हा आम्ही सांगितले, "डी.एड. करवाओ, नौकरी पक्की है." चित्रकलेचे नावही काढले नाही. त्याने डी.एड. केले. पण २०१२ नंतर राज्यात शिक्षकभरती वर्षानुवर्षे अडली आणि ती पक्की नोकरी कुठल्या कुठे गेली. आज तो एका कापड दुकानात आहे. भेटला की अदबीने सलाम करतो. घोड्यांबद्दल विचारायची हिंमत आम्हाला होत नाही.

जोशी मास्तरांनी गोंदूरच्या मुलाला जे दिले ते आम्ही देऊ शकलो नाही. त्यासाठी फार काही लागत नव्हते. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट रेखाकला परीक्षा सर्व माध्यमांच्या मुलांना खुल्या आहेत, आणि त्यांतील श्रेणीचे वाढीव गुण दहावीलाही मिळतात. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे चित्रकला शिकवणाऱ्या संस्था आहेत. पण पुष्कळ उर्दू शाळांत कला शिक्षकच नाही, आणि चित्रकलेच्या तासाला गणिताचा राहिलेला भाग पूर्ण केला जातो. आम्हीही तसे केले आहे.

काही पालक म्हणतात की, तस्वीर काढणे दीनात पसंत नाही. या मतभेदाचा निवाडा करण्याची आमची पात्रता नाही. परंतु नक्षी, खुशखती, छपाई, कापडाचे नमुने आणि पुस्तकांची मांडणी यांना कोणाचाही आक्षेप नाही, आणि रोजीचा मोठा भाग आज इथेच आहे. दीनाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक आठवण देऊ. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, ही नमाज-रोजाविषयी नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे आणि साक्षीदार ठेवावेत, याविषयी ती आहे. ज्या उम्मतला हा हुकूम आहे तिच्यातल्या मित्रांनी तोंडी बोलीवर चित्रपट काढावेत आणि मग एकमेकांना बेइमान म्हणावे, ही खेदाची गोष्ट आहे. कायदाही थोडा जागा झाला आहे. २०१२ साली स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती झाली, आणि चित्रपटासाठी लिहिणाऱ्याचा व संगीतकाराचा ठरावीक वापरावरील मानधनाचा हक्क करारानेही हिरावता येणार नाही, असे ठरले. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्याचा पाठपुरावा केला होता. आमच्या किती फरोगांना हे माहीत आहे?

म्हणून मालेगावची गोष्ट सांगणाऱ्या पुढच्या लेखकाला, दिग्दर्शकाला आमची विनंती आहे. जिद्दीची गोष्ट सांगून झाली आहे, ती चांगली सांगितली गेली आहे. आता त्या मंडळींच्या वहीची गोष्ट सांगा. पन्नास हजार कुठून आले, कोणाला किती गेले, कोणाचे राहिले, ते सांगा. त्याने त्यांची उंची कमी होणार नाही. आमच्या मुलांना मात्र रस्ता दिसेल.

या वर्षी आम्ही शाळेत चित्रकलेचा तास चित्रकलेला द्यायचे ठरवले आहे. इंटरमिजिएटला पाच मुले आणि तीन मुली बसणार आहेत. मेहंदीवाल्या मुलीला एक वही घेऊन दिली आणि पहिल्या पानावर तिच्याकडूनच दर लिहून घेतले. खाला-फुफींसाठी वेगळा दर आहे, निम्मा. पण आहे. आणि त्या नववीतल्या मुलाला परवा आम्ही सांगितले की, त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधतो आहोत. तो म्हणाला, "सर, हम बनाएंगे तो पहले लिख के लेंगे." इतकी अक्कल आमच्या पिढीला त्या वयात नव्हती.